थंडीची आगोट

"आबा, आपलं ऊन रोज कोण चोरतंय रे?"

रविवारी सकाळी पोहे खाता खाता छकुलीनं विचारलं. मिनियापोलिसला लेकीकडे येऊन मला तीन महिने झाले होते. आलो तेव्हा जून होता. रात्रीचे नऊ वाजले तरी अंगणात मुलं खेळत असायची आणि आठ वर्षांच्या या पोरीला झोपायला पाठवणं कठीण व्हायचं. खिडकीबाहेर बोट दाखवून ती म्हणायची, "आबा, अजून दिवस आहे!" तेव्हापासून आम्ही दोघांनी एक नेम धरला. फ्रीजवरच्या कॅलेंडरवर रोज सूर्य मावळायची वेळ लिहायची. १ सप्टेंबरच्या चौकटीत तिनं पावणेआठ लिहिलं होतं. कालच्या चौकटीत सव्वासात. गणपती येऊन गेले, पितृपक्ष लागला आणि तेवढ्यात अर्धा तास कमी झाला.

"चोरत कोणी नाही गं," मी म्हटलं, "ते लिंबू आण बघू."

लिंबाच्या आरपार एक टूथपिक खुपसली. लिंबू म्हणजे पृथ्वी, टूथपिक म्हणजे तिचा अक्ष. तो सरळ उभा नाही, साडेतेवीस अंश कललेला आहे. टेबलाच्या मधोमध माझा चहाचा कप ठेवला, तो सूर्य. "आता टूथपिकचं वरचं टोक कायम खिडकीकडेच कललेलं ठेवायचं आणि लिंबू कपाभोवती फिरवायचं," मी सांगितलं. छकुलीनं जीभ दातांत धरून फेरी पूर्ण केली. एका बाजूला टोक कपाकडे झुकलं, तो जून. समोरच्या बाजूला टोक कपापासून लांब गेलं, तो डिसेंबर. या दोहोंच्या मध्ये एक जागा अशी आली, की टोक ना कपाकडे, ना कपापासून दूर.

"हा आजचा दिवस," मी म्हटलं. "विषुवदिन. आज दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी."

"मग तुझ्या गावी, गुहागरला, ऊन का नाही पळत?"

"तिथंही पळतं, पण थोडं. गुहागर लिंबाच्या पोटाजवळ आहे. तिथला मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांहून थोडा जास्त आणि लहानात लहान अकरा तासांचा. तुझं गाव मात्र लिंबाचं पोट आणि टोक यांच्या बरोबर मध्ये, ४५ अंशांवर. इथं जूनमधला दिवस साडेपंधरा तासांचा आणि डिसेंबरमधला पावणेनऊ तासांचा. या दिवसांत तर रोज तीन-तीन मिनिटं कमी होतात."

ओट्याशी कॉफीचा कप धरून उभी असलेली माझी लेक हळूच म्हणाली, "बाबा, डिसेंबरचं नाव नका ना काढू."

तिला तसं का वाटतं ते मला ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात तिचे फोन तुटक होत गेले होते. अंधारात ऑफिसला जायचं, अंधारात परत यायचं. झोप कितीही झाली तरी थकवा जात नव्हता, जेवणात चव नव्हती, विनाकारण रडू यायचं. आधी तिला वाटलं, आपणच आळशी झालोय. डॉक्टरांकडे गेली तेव्हा कळलं, की हा दुखण्याचाच एक प्रकार आहे आणि तो उजेड कमी झाल्यानं येतो. १९८४ साली नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. रोझेंथाल स्वतः दक्षिण आफ्रिकेच्या भरपूर उन्हातून अमेरिकेत आलेले. इथल्या हिवाळ्यात आपण मंदावतो आणि वसंतात पुन्हा ताजेतवाने होतो, हे त्यांनी आधी स्वतःच्याच बाबतीत पाहिलं होतं. उन्हाच्या देशातून आलेल्या माणसानंच उजेडाची उणीव ओळखली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

"बायो," मी लेकीला म्हटलं, "तुला आपल्या घरची आगोट आठवते का?"

तिचा चेहरा जरा उजळला. छकुलीनं लगेच विचारलं, "आगोट म्हणजे?"

आणि मी सांगायला सुरुवात केली.

"कोकणात पाऊस लागला की चार महिने थांबत नाही. माझ्या लहानपणी त्या दिवसांत ना बाजारहाट, ना मासळी. म्हणून वैशाखातच सगळी बेगमी करायची. लाकडं फोडून, वाळवून पडवीत रचायची. आमसुलं, सुकट, खारवलेले बांगडे, पापड, मिरच्यांचा मसाला, कुळथाचं पीठ, सगळं डब्यांत आणि मडक्यांत भरायचं. छपराची कौलं परतायची. या सगळ्याला म्हणायचं आगोट भरणं. बाहेर ऊन असं, की पाय पोळावा आणि माझी आई मात्र पावसाच्या गोष्टी करायची. मी एकदा विचारलं, 'आई, आकाशात ढगाचा ठिपका नाही, मग एवढी घाई कशाला?' तिनं हातातलं काम न थांबवता सांगितलं, 'पाऊस लागल्यावर लाकूड वाळत नाही, बाबा.'"

छकुलीनं ते वाक्य एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

"आता या गावात थंडीच्या आधी कोण कोण आगोट भरतंय, ते आज बघून येऊ. वही घे. बायो, तूही चल."

"बाबा, कपडे धुवायचेत, आठवड्याच्या भाज्या..."

"तेही होईल. पण लाकडं वाळवायचे दिवस हेच आहेत."

ती बूट घालायला गेली.

मिनियापोलिस हे नावच पाण्यावरून पडलेलं. इथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांच्या भाषेत पाण्याला 'म्नी' म्हणतात. त्याला ग्रीक भाषेतला 'पोलिस', म्हणजे शहर, हा शब्द जोडला आणि पाण्याचं शहर झालं. मधून मिसिसिपी वाहते आणि वस्तीत जागोजागी तळी. आमच्या घराजवळचं तळं म्हणजे बिडे माका स्का. डकोटा भाषेत त्याचा अर्थ पांढऱ्या मातीचं तळं. काठानं फिरायला एक फेरी सुमारे पाच किलोमीटरची. सकाळचं ऊन कोवळं, हवेत शिरशिरी आणि पाण्यावर वाफेचा पातळ पदर. कोणी धावतंय, कोणी बाळाची गाडी ढकलतंय, कोणी बाकावर नुसतंच तोंड उन्हाकडे करून बसलंय.

"ते आजोबा काही करत नाहीयेत," छकुली म्हणाली.

"फार मोठं काम करतायत. आपल्या डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात. बघण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. आत्ता दिवस आहे की रात्र, एवढं मोजणं हे त्यांचं मुख्य काम. या पेशींचा शोध तर अगदी या शतकाच्या तोंडावर लागला. त्या मेंदूतल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या एका जागेला निरोप धाडतात. आपल्या शरीराचं मुख्य घड्याळ तिथं असतं. कधी झोप आणायची, कधी भूक लावायची, कधी अंग गरम करायचं, सगळी कामं ते वेळेवर लावतं. पण हे घड्याळ दिवसाच्या चोवीस तासांशी तंतोतंत जुळत नाही, रोज थोडं सरकतं. सकाळचा उजेड त्याला रोज चावी देतो. घरात कितीही दिवे लावले तरी ढगाळ सकाळीसुद्धा बाहेर त्याच्या दहापट उजेड सहज असतो. ते आजोबा आपल्या घड्याळाला चावी देतायत."

लेक चालता चालता थांबली, डोळे मिटून तोंड उन्हाकडे केलं आणि तशीच उभी राहिली. मी काही बोललो नाही. छकुलीनं वहीत लिहिलं, 'आई – उजेड.'

तळ्याच्या काठी रानफुलांचा एक वाफा आहे. जांभळ्या अ‍ॅस्टरवर आणि पिवळ्या गोल्डनरॉडवर मधमाश्यांची लगबग चालली होती. त्यात छकुलीला ते दिसलं. नारिंगी पंख, त्यांवर काळ्या रेघा, कडेला पांढऱ्या ठिपक्यांची दुहेरी किनार. मोनार्क फुलपाखरू.

आम्ही तिघं गुडघ्यांवर बसलो. ते फुलावरून हलायला तयार नव्हतं. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड उलगडून फुलातल्या बारीक बारीक नळ्यांत एकामागून एक घालत होतं. पंख मिटले की खालची फिकट बाजू दिसे, उघडले की जणू निखारा. मागच्या पंखांवर, शिरेला चिकटून एकेक काळा ठिपका होता.

"ठिपका असला म्हणजे नर," मी सांगितलं. "याचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. काजूच्या एका पाकळीपेक्षाही हलका. आणि हा आता मेक्सिकोला निघालाय."

"विमानानं?"

"पंखांनी. इथून जवळजवळ तीन हजार किलोमीटर."

मग मी तिला मोनार्कची गोष्ट सांगितली.

"उन्हाळ्यात जन्मलेली मोनार्क जेमतेम दोन ते सहा आठवडे जगतात. अंडी घालतात आणि जातात. त्यांच्या अळ्या मिल्कवीड नावाच्या चिकाळ झाडाचीच पानं खातात. आपल्याकडची रुई त्याच्याच कुळातली आणि रुईवर दिसणारं तांबूस फुलपाखरू हे याचं चुलत भावंड. पण ऑगस्ट सरताना दिवस लहान होतात, रात्री गार पडतात, मिल्कवीडची पानं जून होतात. अळीला आणि कोषाला हे सगळं कळतं. अशा वेळी कोषातून बाहेर पडणारी पिढी वेगळीच निघते. ती अंडी घालायच्या भानगडीत पडत नाही. आपलं सगळं बळ राखून ठेवते आणि आठ-नऊ महिने जगते. आई, आजी, पणजी यांना जेवढं आयुष्य मिळालं, त्याच्या कितीतरी पट."

"ती पहिल्यांदाच जाते? मग रस्ता कोण दाखवतं?"

"कोणी नाही. मागच्या वर्षी मेक्सिकोला गेलेली केव्हाच मेली. हा त्यांचा पणतू म्हण. तो सूर्याकडे बघून दिशा धरतो. पण सूर्य तर सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला. म्हणून वेळेचाही हिशेब लागतो. ते घड्याळ त्याच्या मिशांमध्ये, स्पृशांमध्ये असतं."

आता माझी सगळ्यांत आवडती गोष्ट आली.

"ही फुलपाखरं हिवाळ्यात जातात कुठं, हे शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. टोरोंटोचे फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी त्याचा ध्यास घेतला. फुलपाखराच्या पंखावर कागदाची इवलीशी चिठ्ठी चिकटवायची आणि सोडून द्यायचं. ज्याला सापडेल त्यानं कळवायचं. शेकडो स्वयंसेवक, शाळेतली मुलं, शिक्षक त्यांच्या मदतीला आले. चाळीसेक वर्षं हा शोध चालला. शेवटी १९७५ च्या जानेवारीत केन ब्रगर आणि मिचोआकानची कॅटालिना आग्वादो यांना मेक्सिकोच्या डोंगरांत, तीन हजार मीटर उंचीवर, ती जागा सापडली. ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांवर कोट्यवधी मोनार्क. खोड दिसत नाही, फांदी दिसत नाही, सगळी फुलपाखरंच.

"पुढच्या वर्षी जानेवारीत अर्कहार्ट पतीपत्नी तिथं पोहोचले. फ्रेड साठी ओलांडलेले, धापा टाकत डोंगर चढले. ते बसलेले असताना फुलपाखरांच्या भारानं एक फांदी मोडून खाली आली. खाली पडलेल्या त्या नारिंगी राशीत त्यांना एक पांढरी चिठ्ठी दिसली. पंखावर चिकटवलेली. चिठ्ठी कुठली निघाली ठाऊक आहे? चॅस्काची!"

"चॅस्का? आपलं चॅस्का?"

"आपलंच. इथून गाडीनं थोड्याच अंतरावरचं. तिथल्या एका शिक्षकांनी आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी ऑगस्ट १९७५ मध्ये ती चिठ्ठी लावली होती. कोट्यवधी फुलपाखरांतून, मोडलेल्या एका फांदीतून, नेमकं तुझ्या शेजारच्या गावाचं फुलपाखरू त्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाच्या पायाशी पडलं."

छकुली कितीतरी वेळ त्या फुलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो आत्ता पोट भरतोय ते तिकडच्यासाठी?"

"हो. वाटेत जिथं फुलं मिळतील तिथं थांबत जातो. मध पितो, त्याची चरबी करून पोटात साठवतो आणि त्या साठ्यावर पुढचे थंडीचे महिने काढतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती तिकडे पोहोचतात, नेमकी तिथल्या लोकांच्या पितरांच्या सणाला. तिथले लोक म्हणतात, आपली गेलेली माणसंच फुलपाखरं होऊन भेटायला येतात."

"आपल्या कावळ्यासारखं!"

"तसंच."

आमच्यात क्षणभर कोणी बोललं नाही. छकुलीची आजी जाऊन चार वर्षं झाली. लेकीनं माझा हात धरला, छकुलीनं तिचा. फुलपाखरू उडालं, वाऱ्यावर एक गिरकी घेतली आणि तळ्यावरून दक्षिणेकडे गेलं. वहीत नोंद झाली, 'मोनार्क – चरबी.'

पुढं एका मेपलची फक्त एकच फांदी लाल झाली होती. बाकीचं झाड हिरवंगार. "ही आजारी आहे का?" छकुलीनं विचारलं.

"थोडी थकली असेल, म्हणून तिनं आगोट लवकर सुरू केलीय. पानात हिरवा रंग असतो तो हरितद्रव्याचा. उन्हातून अन्न रांधणारं ते स्वयंपाकघर. पण थंडीत पाणी गोठलं की ते चालवणं परवडत नाही. म्हणून झाड ते मोडतं आणि त्यातला मोलाचा माल, विशेषतः नत्र, फांदीत आणि खोडात मागं ओढून घेतं. हिरवा गेला की खालचा पिवळा दिसू लागतो. तो उन्हाळाभर तिथंच होता, फक्त झाकलेला. लाल रंगाची गोष्ट मात्र निराळी. तो आधी नसतो, शरदात नव्यानं तयार होतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गोठवणार नाही इतपत गारवा असला, की पानातल्या साखरेपासून तो बनतो. मरायला टेकलेलं पान एवढा खर्च कशाला करतं? बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं, की माल हलवेपर्यंत पानाला उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून ही छत्री असते."

मी एक पान हलकेच बाजूला वाकवून तिला दाखवलं. देठाच्या बगलेत, फांदीला बिलगून, गव्हाच्या दाण्याएवढी एक तपकिरी कळी होती.

"ही काय?"

"ही पुढच्या वर्षीची पालवी. उन्हाळ्यातच तयार झाली, खवल्यांत गुंडाळून बसलीय. पान गळतं ते झाड हरलं म्हणून नव्हे. देठाशी बुचासारखा थर बनवून झाड स्वतःच ते सोडून देतं, आणि सोडण्याआधी पुढचं घडवून ठेवतं."

लेकीनं त्या कळीवरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

ओकच्या झाडाखाली खारींची पळापळ चालली होती. या खारी आपल्या खारीच्या दुप्पट मोठ्या, करड्या, झुबकेदार शेपटीच्या. ओकचं फळ म्हणजे टोपी घातलेल्या सुपारीसारखं. छकुलीला मी दोन पानं उचलून दिली. एकाच्या कडा गोलसर, दुसऱ्याच्या टोकदार.

"गोल कडांचा तो पांढऱ्या ओकच्या कुळातला, टोकदार तो लाल ओकच्या. पांढऱ्या ओकचं फळ शरदातच रुजतं, म्हणजे पुरून ठेवलं तर साठा वाया. लाल ओकचं मात्र वसंतापर्यंत झोपून राहतं. खारीला हे कळतं. पांढऱ्या ओकचं ती बहुधा लगेच खाते, लाल ओकचं पुरते. आणि पांढऱ्याचं पुरायचंच झालं, तर आधी त्याचा कोंब कुरतडून टाकते, म्हणजे ते रुजतच नाही."

"तिला कोणी शिकवलं?"

"तिच्या पूर्वजांच्या हजारो हिवाळ्यांनी. जिला जमलं ती वाचली, तिचीच पिल्लं पुढं आली."

तेवढ्यात लेकीनं पाण्याकडे बघत विचारलं, "बाबा, तळ्याचं काय? ते कशाची बेगमी करणार?"

लहानपणी ती असंच विचारायची, वाक्याच्या शेवटी मान कलती करून. कितीतरी दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला.

"तळं श्वास साठवतं," मी म्हटलं. "उन्हाळ्यात तळ्याचे थर होतात. वर कोमट हलकं पाणी, खाली गार जड पाणी. दोन्ही मिसळत नाहीत. हे तळं सुमारे २५ मीटर खोल आहे. खाली प्राणवायू कमी कमी होत जातो, तळ गुदमरतो. आता शरदात वरचं पाणी थंड होऊन खाली बसू लागतं. हळूहळू सगळे थर सारखे होतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वाऱ्यांनी सगळं तळं ढवळून निघतं. वरची हवा थेट तळापर्यंत पोहोचते. मग बर्फ धरतो. पण पाण्याची एक अजब गोष्ट आहे. ते सगळ्यांत जड असतं चार अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झालं की पुन्हा हलकं होतं. म्हणून चार अंशांचं पाणी तळाशी राहतं आणि बर्फ वर तरंगतो. आपण वर बर्फावर चालत असतो आणि खाली मासे त्या साठवलेल्या श्वासावर जगत असतात. पाण्याचा हा एक गुण नसता, तर या तळ्यांतलं जगणंच अवघड झालं असतं."

"गेल्या हिवाळ्यात," लेक म्हणाली, "मी अगदी त्या तळासारखी झाले होते. वर सगळं ठीक, खाली हवाच नाही."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटतं, माणसाला आपल्या दुखण्याचं नाव सापडणं आणि ते जवळच्या माणसाला सांगता येणं, हीच पहिली हवा.

दुपारी आम्ही शहराबाहेरच्या सफरचंदांच्या बागेत गेलो. सप्टेंबरात इथली माणसं लेकराबाळांसह अशा बागांत येतात, स्वतःच्या हातानं फळं तोडतात, कढत सायडर पितात. छकुलीनं एक हनीक्रिस्प तोडलं आणि चावा घेतला. आवाज असा झाला, की शेजारच्या ओळीतल्या बाई वळून हसल्या.

"हा आवाज मिनेसोटाचा," मी म्हटलं. "हनीक्रिस्पच्या पेशी नेहमीच्या सफरचंदापेक्षा मोठ्या असतात. चावलं की त्या एकमेकींपासून सुटत नाहीत, फुटतात. म्हणून एवढा रस. मिनेसोटा विद्यापीठात १९६० साली हा संकर झाला आणि १९९१ मध्ये लोकांच्या हाती आला. मधल्या काळात ते झाड थंडीनं इतकं होरपळलं होतं, की टाकून द्यायच्या यादीत गेलं. डेव्हिड बेडफर्ड या संशोधकानं त्याला आणखी एक संधी दिली. एका वाईट हिवाळ्यावरून त्याची किंमत करायला ते तयार नव्हते."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी जाणूनबुजूनच तसं म्हटलं होतं.

"आणि गंमत अशी," मी पुढं सांगितलं, "की थंडीशिवाय सफरचंद होतच नाही. झाडाला हिवाळ्यात शेकडो तास गारठा खावा लागतो. तो मोजून घेतल्यावरच कळ्या उमलतात. आपल्या आंब्यालाही मोहोर धरायला गार रात्री लागतातच की! थंडीचाही उपयोग असतो. तिला सामोरं जायचं ते मात्र उघड्या अंगानं नव्हे."

घरी येईपर्यंत सव्वासात झाले होते. छकुलीनं कॅलेंडरवर वेळ लिहिली. लेकीनं जंगली तांदळाचं सूप केलं. दाणे लांब, काळपट, शिजले की उमलून फुलासारखे होतात. हा आपला तांदूळ नव्हे, तळ्यांत उगवणारं एक गवत. ओजिब्वे लोक याच दिवसांत होडीतून जातात, एका काठीनं देठ वाकवतात, दुसरीनं हलकेच ठोकतात. दाणे होडीत पडतात, काही पाण्यात. पाण्यात पडलेले दाणे थंडगार चिखलात हिवाळाभर निजतात आणि वसंतात रुजतात. या भूमीची आगोट माझ्या कोकणातल्या आगोटीइतकीच जुनी आहे, हे त्या वाडग्यातून उठणाऱ्या वाफेत मला जाणवत होतं.

जेवणानंतर मी तिळाचं तेल कोमट केलं. इथली हवा आता कोरडी होत जाणार. आधी छकुलीच्या पायांना लावलं, मग म्हटलं, "बायो, तू बस."

"बाबा, मी काय लहान आहे?"

"दिवाळीला अभ्यंग करतात ते काय फक्त लहानांना? थंडी अंगात शिरायच्या आधी अंग तेलानं मुरवायचं, ही आपल्याकडची जुनी समज. तुझी आई सगळ्यांना लावायची आणि स्वतः कधी बसायची नाही. ते मला आज सलतं. मी तिला बसवायला हवं होतं."

लेक खाली बसली. तिच्या केसांतून बोटं फिरवताना मला तिचं लहानपणीचं डोकं आठवलं, तोच भोवरा, तोच मानेवरचा तीळ. हळूहळू तिचे खांदे सैल पडले.

छकुली वही घेऊन आली. 'मोनार्क – चरबी. मेपल – नत्र आणि कळी. खार – ओकची फळं. तळं – श्वास. आई – उजेड.' खाली एक ओळ रिकामी होती.

"आईच्या यादीत अजून लिही," लेक डोळे मिटूनच म्हणाली. "रोज सकाळी अर्धा तास बाहेर. रात्री दहाला दिवे बंद. ऑक्टोबरात डॉक्टरांची वेळ, थंडी पडायच्या आत, उजेडाच्या पेटीचं आणि ड जीवनसत्त्वाचं त्यांना विचारायचं. आठवड्यातून एकदा मैत्रिणीकडे. आणि वाईट वाटलं तर लपवायचं नाही, फोन करायचा."

छकुलीनं सगळं लिहिलं. शब्द चुकत होते, पण एकही गाळला नाही. मला वाटतं, स्वतःची निगा राखणं म्हणजे लाड नव्हेत. घरासाठी लाकडं वाळवणाऱ्या बाईला कोणी आळशी म्हणत नाही. मग स्वतःच्या जिवासाठी ऊन साठवणारीला का म्हणावं?

दुसऱ्या दिवशी सात वाजता मला जाग आली ती छकुलीच्या आवाजानं. बाहेर नुकतं फटफटलं होतं. ती आईच्या खोलीच्या दारात बूट घालून उभी होती.

"आई, ऊठ ना! पाऊस लागल्यावर लाकूड वाळत नाही!"

आतून लेकीचं हसू ऐकू आलं. मग पलंग कुरकुरला, कपाट उघडलं आणि थोड्या वेळानं पुढचं दार लागल्याचा आवाज झाला. मी खिडकीशी गेलो. तळ्याकडच्या रस्त्यानं दोघी चालल्या होत्या, मेपलच्या त्या लाल फांदीच्या दिशेनं. ऊन नुकतंच झाडांच्या शेंड्यांवर उतरत होतं. ते त्यांच्या तोंडावर यायला अजून दोन-चार मिनिटं होती.